शिसे : अंगावरचे आणि पडद्यातले

चार वर्षांच्या मुलाला घेऊन एक आई घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात आली होती. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, वजनही उतरलेले. मी छातीचा एक्स-रे लिहून दिला. कागद हातात घेत ती म्हणाली, "डॉक्टर, एक्स-रे काढताना शिशाचा एप्रन घालतात. आणि आता वाचलं, की मशीनमधलं शिसं नको म्हणून नवे स्फटिक शोधताहेत. शिसं चांगलं की वाईट?"

प्रश्न रास्त होता. एप्रनमधले शिसे क्ष-किरण अडवते. मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या आईने तो अवश्य घालावा. पडद्याचे काम निराळे. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा सुगावा लागला तो एका रासायनिक लेपाच्या पडद्यावर उमटलेल्या प्रकाशामुळे. आजही अनेक डिजिटल यंत्रांत सिझियम आयोडाइडचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते किरण शोषतात, त्यांचा प्रकाश करतात आणि त्या प्रकाशाची प्रतिमा होते. अशा पदार्थांना प्रस्फुरक म्हणतात. असे स्फटिक आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वाढवले जातात. पडदा जितका कार्यक्षम, तितके कमी किरण पुरतात. रुग्णाचा लाभ तो हाच.

२०१८ मध्ये सिझियम, शिसे व ब्रोमीन यांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी मोठी आशा निर्माण केली. ते द्रावणातून, फारशा उष्णतेविना तयार होतात आणि जड शिशामुळे किरण चांगले शोषतात. पण हे पदार्थ क्षारच! मुंबईच्या जुलै महिन्यात मीठदाणीचे काय होते ते गृहिणींना सांगायला नको. ओलाव्याने हे स्फटिक विघटित होतात आणि त्यांतले शिसे पाण्यात उतरू शकते. म्हणून संशोधक शिशाऐवजी तांब्याकडे वळले आहेत. सिझियम, तांबे व आयोडीन यांचा एक स्फटिक क्ष-किरण पडताच निळा उजळतो आणि स्वतःचाच प्रकाश फारसा गिळत नाही. अर्थात हे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. नाक्यावरच्या सेंटरमध्ये असे यंत्र शोधत बसू नये.

पडदा बंदिस्त असतो, त्यामुळे त्यातल्या शिशाची रुग्णाला बाधा नाही. मला काळजी वाटते ती असे पडदे बनवणाऱ्या कामगारांची, आणि यंत्र जुने झाल्यावर कुर्ल्याच्या भंगार गल्लीत ते फोडणाऱ्या हातांची. तिथे मुलेही वावरतात, आणि वाढत्या मेंदूला शिशाची थोडी मात्राही घातक असते. हे रुग्ण पुढे माझ्यासारख्याच कुणाकडे येणार.

त्या आईला मी इतकेच सांगितले, की छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारे किरण म्हणजे निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतात तेवढेच. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असलेल्या केंद्रात जा, आणि आजच जा.

संध्याकाळी ती फिल्म घेऊन परतली. उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठी वाढलेल्या दिसत होत्या. क्षयाच्या पुढील तपासण्या मी तेव्हाच लिहून दिल्या.