क्लाराने उचललेला शब्द

परवा लोकलमध्ये कॉलेजातली दोन मुलं शेजारी उभी होती. बोलणं मराठीत, पण दर वाक्याला इंग्रजीतली ती 'एफ'वाली शिवी. पेपर अवघड गेला तरी तीच, वडापाव आवडला तरी तीच. दादरला गर्दी आत घुसली, एकाच्या पायावर कुणाचा तरी बूट पडला आणि तो कळवळून ओरडला, "आई गं!"

खरं दुखलं तेव्हा उसना शब्द कामी आला नाही.

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी नेमका हाच विषय तपासला. २००९च्या त्यांच्या प्रयोगात शिवी उच्चारत राहणाऱ्यांनी बर्फगार पाण्यात हात जास्त वेळ ठेवला. २०२०मध्ये त्यांनी 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' असे दोन शब्द नव्याने घडवून वापरून पाहिले. त्या शब्दांनी वेदना सोसायला काहीच मदत केली नाही. मला यात नवल वाटत नाही. शिवीचा जोर तिच्या नादात नसतो. तो शब्द लहानपणी पहिल्यांदा तोंडून निघाला तेव्हा घरातल्या मोठ्यांनी डोळे कसे वटारले, त्यात तो असतो. इंग्रजी शिवी देताना आपल्याला ते डोळे दिसत नाहीत. म्हणून ती जिभेला हलकी लागते. ऐकणाऱ्याला मात्र ती हलकी नसते.

बर्नार्ड शॉ यांना हे पक्कं ठाऊक होतं. 'पिग्मॅलियन', म्हणजे पुलंच्या 'ती फुलराणी'चं मूळ नाटक, १९१४च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रंगमंचावर आलं. फुलं विकणारी एलायझा उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात घोटून घेतलेल्या उच्चारांत 'ब्लडी' म्हणते आणि त्या एका शब्दाने शहरभर खळबळ उडाली. तिच्या वस्तीत तो नुसता जोर देणारा शब्द. तिला उच्चार शिकवले गेले होते, शब्दाचं वजन कुणी शिकवलं नव्हतं. मला मात्र त्या दिवाणखान्यातली क्लारा जास्त अस्वस्थ करते. ही नवी फॅशन आहे असं समजून ती तोच शब्द हौसेने उचलते. आपली मुलं आज क्लाराच्या जागी आहेत.

शब्दकोश इथे फारसा कामाचा नाही. 'ब्लडी'तल्या रक्ताचा इंग्रज बोलणाऱ्याच्या मनात मागमूसही नसतो. आपण तो शब्द माणसाला लावतो, 'यू ब्लडी' म्हणून. तिकडे तो थंडीला लागतो, चहाला लागतो, कौतुकालाही लागतो. तो 'अब्सोलूटली'च्या पोटातसुद्धा शिरतो: 'अब्सो-ब्लडी-लूटली'. बरोबर आघात असलेल्या अक्षराच्या आधी! हा नियम तिकडच्या मुलांना कुणी शिकवत नाही, कानच शिकतो.

सौम्य शब्दांचंही तसंच. 'ऑफुली नाइस'मध्ये धाक उरलेला नाही, जसं आपल्या 'भयंकर आवडलं'मध्ये भय नाही. पण 'क्वाइट गुड'? अमेरिकन माणूस म्हणाला तर बहुधा 'चांगलंच आहे'. ब्रिटिश म्हणाला तर पुष्कळदा 'बरं आहे' एवढंच. शाळेत आपण सगळ्याला 'व्हेरी' लावायला शिकलो आणि हा फरक कानावर पडलाच नाही. इंग्रजीच्या तासाला तो शिकवायला हवा, शिव्यांच्या वजनासकट. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझी भाची शिकायला लीड्सला निघाली आहे. व्याकरण चोख आहे तिचं. तिला एवढंच सांगितलंय: पहिले काही महिने तिथल्या शिव्या नुसत्या ऐक. कोण कुणाला देतं, कोण हसून घेतं आणि कुणी आत आलं की सगळे तो शब्द गिळतात, ते बघ.