करवत कोणती घ्यावी?

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातील पंचायतींना आणि पालिकांना आपल्या हद्दीतील धोकादायक झाडांची आठवण होते. रस्त्यावर झुकलेला शिरीष, विजेच्या तारांना टेकलेली आंब्याची फांदी, शाळेच्या कौलांवर ओणवलेला माड, यांचा निकाल लावण्याची मग एकच धांदल उडते. पूर्वी हे काम कुऱ्हाड, कोयता आणि दोन माणसांनी ओढावयाची करवत यांवर चाले. आज ते चेन-सॉ, म्हणजेच साखळी-करवत करते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, शेकडो झाडे आडवी झाली आणि कित्येक गावे अंधारात बुडाली. त्या दिवसांत रस्ते मोकळे झाले ते अग्निशामक दलाच्या जवानांच्या कष्टांमुळे आणि त्यांच्या हातांतील या करवतींमुळे. हे यंत्र आता चैनीची वस्तू राहिलेले नाही. म्हणूनच ते कसे निवडले जाते याची चौकशी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निवड बहुधा दोन गोष्टींवर होते. एक, सर्वांत कमी दराची निविदा. दुसरी, खोक्यावर ठळक छापलेला सी.सी.चा आकडा. आकडा मोठा आणि किंमत लहान, की व्यवहार फायद्याचा झाला असे समजले जाते. आमच्या मते ही पारखच मुळात चुकीची आहे. यंत्राचा विचार कामापासून आणि ते धरणाऱ्या हातापासून सुरू झाला पाहिजे.

झाडाचे काम एका जातीचे नसते. झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्यास वरच्या मुठीची हलकी करवत लागते. या वर्गात जर्मनीच्या स्टिल कंपनीची एम.एस. २०१ टी (३५.२ सी.सी.) पाते व साखळी वगळता सुमारे ३.७ किलो भरते आणि स्वीडनच्या हस्कवर्नाची टी ५४० एक्स.पी. सुमारे ३.९ किलो. जपानी इकोची सी.एस. २५११ टी अवघी २५ सी.सी.ची आणि सुमारे २.३ किलोची आहे. तिची शक्ती कमी, पण दिवसभर दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाच्या मनगटाला त्या दीड किलोचा अर्थ चांगला कळतो. जमिनीवरच्या नित्याच्या कामासाठी ५० सी.सी.चा वर्ग योग्य होय. स्टिलची एम.एस. २६१ आणि हस्कवर्नाची ५५० एक्स.पी. मार्क २ या दोन्हींची शक्ती सुमारे ३ किलोवॅट. पहिलीचे वजन ४.९ किलो, दुसरीचे ५.३. रस्त्यावर आडवे पडलेले शिरिषाचे वा वडाचे खोड कापावयाचे असेल तर मात्र ७० सी.सी. व त्यावरील यंत्र हवे. तेथे हस्कवर्नाची ५७२ एक्स.पी. (७०.६ सी.सी., ६.६ किलो) आणि २०१९ साली आलेली, कार्ब्युरेटरऐवजी विद्युत-नियंत्रित इंधन-पिचकारी असलेली स्टिलची एम.एस. ५०० आय (७९.२ सी.सी., ६.२ किलो) ही नावे घ्यावी लागतात. मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र नव्हे. हे थोरले धूड हाती देऊन एखाद्यास माडावर चढविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

स्टिल की हस्कवर्ना, हा वाद या धंद्यात जुना आहे. आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली श्टुटगार्ट येथे आपला कारखाना काढला. हस्कवर्नाचा आरंभ १६८९ साली बंदुकांच्या कारखान्यापासून झाला आणि करवती ती १९५९ पासून बनवू लागली. दोघांच्याही यंत्रांना साखळी क्षणार्धात थांबविणारा ब्रेक आहे, हातांना बसणारे हादरे शोषून घेण्याची सोय आहे. वरच्या दर्जाच्या यंत्रांत कार्ब्युरेटर आपोआप जुळविणारी विद्युत-योजनाही आहे. गुणांचा फरक उन्नीस-बीसचा. अशा वेळी निर्णय घ्यावा तो एकाच प्रश्नावर: बिघाड झाल्यास सुटा भाग आणि जाणता कारागीर डिचोलीस, काणकोणास किंवा निदान मडगावास मिळेल काय? विद्युत-योजना बिघडली तर नाक्यावरच्या मेस्त्रीचा स्क्रूड्रायव्हर तेथे कामास येत नाही, हेही आधी लक्षात घ्यावे.

बॅटरीवर चालणाऱ्या करवती आता व्यावसायिक कामासही पुरेशा समर्थ झाल्या आहेत. आवाज कमी, धूर नाही, झाडावर बसून दोरी ओढण्याची कसरत नाही. बागायतीत आणि दाट वस्तीत त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वादळानंतर वीज गेलेल्या गावात बॅटरी भरावयाची कोठे? आपत्तीसाठी यंत्र घेताना निदान एक तरी पेट्रोलचे असावे ते याकरिता.

राहता राहिली बाजारात ढिगाने येणारी बिननावाची वा उसन्या नावाची यंत्रे. त्यांवर ५८ सी.सी. असा आकडा झळकत असतो आणि किंमत नामांकित यंत्राच्या एका अंशाएवढी असते. घरच्या माणसाने वर्षातून दोनदा जळण कापण्यास ती घेतली तर आमचे फारसे म्हणणे नाही. परंतु ज्याचा ब्रेक कधी तपासला गेला नाही आणि ज्याचा भाग उद्या मिळेल याचा भरवसा नाही, ते यंत्र सार्वजनिक पैशाने विकत घेऊन रोजंदारीच्या मजुराहाती देणे ही काटकसर नव्हे. तो बेजबाबदारपणा आहे.

यंत्र उत्तम असले तरी कापते ती साखळी. आजच्या साखळीच्या दात्याची घडण अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या अळीचे जबडे पाहून योजिली आणि १९४७ साली ती बाजारात आणली. तो दाता तीक्ष्ण असेल तरच उपयोग. आमच्या किनाऱ्यावरील सुरूच्या सालीत वाळू भरलेली असते, माडाचे खोड बाहेरून चिवट आणि कठीण असते. दोन्ही साखळीला लवकर बोथट करतात. बोथट साखळीवर माणूस जोर देऊ लागतो आणि अपघात तेथेच सुरू होतो. योग्य जाडीची गोल कानस आणि ती चालविण्याची हातोटी यांवाचून कोणतेही यंत्र अर्धेच होय. दुसरी गोष्ट इंधनाची. पंपावरील पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते आणि ते ओल शोषून घेते. तेव्हा पुस्तिकेत त्याचे किती प्रमाण चालते ते पाहावे, तेल सांगितलेल्या मापानेच घालावे आणि चार महिने कोकणच्या दमट हवेत टाकी भरलेली ठेवू नये. आणीबाणीच्या रात्री ऐनवेळी यंत्र चालू होत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आता मुख्य मुद्दा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की करवत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागे उसळते, ती थेट धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. ब्रेक त्यासाठीच असतो. पण करवत एका हाताने चालविली तर ब्रेकचाही पुरता भरवसा देता येत नाही. वरच्या मुठीच्या करवतीत हा मोह अधिक, म्हणून ती शिकलेल्या माणसाच्याच हाती असावी. साखळी अडकवून यंत्र थांबविणारे धागे भरलेली विजार, जाळीच्या पडद्याचे शिरस्त्राण, कानांवरील आवरण, भक्कम बूट ही साधने पाश्चात्त्य देशांत व्यावसायिकाच्या अंगावर नेहमीची झाली आहेत. आमच्याकडे मात्र पायांत रबरी चपला आणि डोक्यास गुंडाळलेला टॉवेल एवढ्यावर काम चालते. वर्षानुवर्षे हादरे सोसून बोटे पांढरी पडणे, बधिर होणे हा या धंद्यातील ओळखीचा विकार आहे. तो झालेल्या मजुराची विचारपूस करण्यास कोणताही ठेकेदार येत नाही.

यास्तव आमची सूचना स्पष्ट आहे. पंचायती, पालिका आणि वीज खाते यांनी करवतीची निविदा काढताना केवळ दर मागू नये. काम कोणते, त्यास वजन किती चालेल, ब्रेकची चाचणी झाली आहे काय आणि गोव्यात दुरुस्तीची सोय आहे काय, हे विचारावे. यंत्राच्या किमतीतच संरक्षक पोशाखाची आणि प्रशिक्षणाची किंमत धरावी. अग्निशामक दलाजवळ या कामाचा अनुभव आहे, वन खात्याजवळ झाडांचे ज्ञान आहे. दोघांनी मिळून पावसापूर्वी तालुक्या-तालुक्यांत अशी शिकवणी का घेऊ नये? ठेका देताना कामगारांचा विमा ही अट असावी. आणि यंत्र वेगवान झाले म्हणून १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने घातलेला परवानगीचा निर्बंध सैल झाला, असे कोणी मानू नये. ज्या झाडास वाढण्यास साठ वर्षे लागली ते ही करवत काही मिनिटांत भुईसपाट करते.

पंचायतीच्या जमाखर्चात स्वस्त करवतीने वाचविलेले काही हजार रुपये लगेच दिसतात. तिच्या उसळीने पंगू झालेल्या पाडेल्याच्या घरची चूल त्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. पुढच्या निविदेवर सही करण्यापूर्वी आमच्या लोकप्रतिनिधींनी ती एकवार डोळ्यांपुढे आणावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.