पाटीवरून पेढीची पारख

देशातील उद्योगधंदे डिजिटल व्यवहारासाठी कितपत सिद्ध झाले आहेत, हे त्यांच्या संकेतस्थळांवरून मोजण्याची कल्पना मोठी मोहक आहे. घरोघर प्रश्नावल्या घेऊन हिंडण्याचे कारण नाही. यंत्राने लक्षावधी संकेतस्थळे चाळावीत, कोठे मागणी नोंदवता येते, कोठे पैसे भरता येतात, कोठे वर्षानुवर्षांचा शिळा मजकूर पडून आहे हे टिपावे आणि देशाला गुण देऊन मोकळे व्हावे! परंतु पाटी पाहून पेढीची पत ठरवणारा सावकार जसा बुडतो, तसेच या मापावर विसंबणारे सरकारही फसल्यावाचून राहणार नाही.

भारताचेच उदाहरण घ्या. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या पाहणीत असंघटित बिगरशेती क्षेत्रातील आस्थापनांची संख्या सुमारे ७ कोटी ३४ लाख भरली. त्यांपैकी इंटरनेटचा उपयोग करणाऱ्या अवघ्या २६.७ टक्के होत्या. उरलेल्या पाच कोटींहून अधिक आस्थापनांचा माग संकेतस्थळे चाळणाऱ्या यंत्राला लागावा कसा? जे वर्गात आले त्यांचीच हजेरी घ्यायची आणि शाळा भरली म्हणून समाधान मानायचे, ही शुद्ध आत्मवंचना होय.

बरे, संकेतस्थळ नाही म्हणून दुकानदार मागासलेला, असेही नाही. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे भाजीची गाडी लावणाराही आज मोबाईलवरून पैसे घेतो. मात्र पैसे घेता आले म्हणजे सिद्धता आली, असेही कोणी समजू नये. त्याचा हिशेब वहीत आणि उधारी डोक्यातच असते!

युरोपीय संघाने या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे. तेथे उद्योगांना बारा बाबी विचारतात आणि त्यांपैकी किमान चार आढळल्या तरच प्राथमिक पातळी गाठली असे मानतात. २०३० पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक लघु व मध्यम उद्योगांना त्या पातळीवर नेण्याचा त्यांचा संकल्प आहे. पण तेही माप दहा वा अधिक माणसे कामास असलेल्या उद्योगांचे. आपल्या बाजारपेठेतील बहुसंख्य दुकाने त्यात बसणारच नाहीत.

संकेतस्थळे अवश्य तपासावीत. त्यांतून मोठ्या उद्योगांची प्रगती कळेल. परंतु लहान दुकानदाराची स्थिती जाणण्यासाठी त्याच्या उंबऱ्यापर्यंतच गेले पाहिजे. उंटावरून शेळ्या हाकून ते साधणार नाही. कर्ज, प्रशिक्षण आणि सवलती यांची दिशा अशा मोजमापांवरूनच ठरते. जो मोजणीत दिसत नाही, तो उद्या अंदाजपत्रकातही दिसणार नाही!