पाचोळा चाळून पाहा

अभयारण्यांच्या प्राणिसूच्या आमच्या टेबलावर वर्षभर येत असतात. पक्ष्यांना पंधरा पाने, फुलपाखरांना आठ, आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘गोगलगायी – काही प्रजाती’. ती वाचली की सूचीकाराच्या गुडघ्यांना माती लागलीच नसावी, अशी शंका येते.

पश्चिम घाटातून जमिनीवरच्या गोगलगायींच्या सुमारे २७० प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या तीन-चतुर्थांश जगात इतरत्र कुठेच नाहीत. तरी ओळख पटवायची म्हटले की आपण अजून ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे १९०८, १९१४ आणि १९२१ चे खंडच उघडतो!

कोयना-चांदोलीच्या रानात पाऊस लागला की खोडावर चढलेली मोठी गोगलगाय कुणालाही दिसते. पण कित्येक प्रजाती पाच मिलिमीटरच्या आतच संपतात. त्यांच्यासाठी ओंजळभर पाचोळा खालच्या भुसभुशीत मातीसकट घ्यावा, सावलीत वाळवावा आणि गव्हाच्या चाळणीने पांढऱ्या ताटात चाळावा. भिंग धरले की त्या कचऱ्यातल्या मोहरीएवढ्या ‘खड्या’वर वेटोळी दिसू लागतात. रिकामा शंखही पुरावाच.

वरून एकच फोटो काढून भागत नाही. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डावीकडे आले तर शंख डावखुरा. आपली एरिओफँटा लीव्हिपेस डावखुरी, तर १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्याला आणलेली आफ्रिकन गोगलगाय उजवी. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले, तेव्हापासून गोगलगाय म्हणजे कीड हे डोक्यात पक्के बसले आहे. शेतकऱ्याचा संताप खराच आहे; पण जंगलालगतच्या बांधावर टाकलेल्या मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळीला देशी-परदेशी कळत नाही.

दुसरे दुखणे जाळरेषेचे, म्हणजे वणवा अडवण्यासाठी आधीच जाळून काढलेल्या पट्ट्याचे. ती हवीच, वणवा परवडत नाही. मात्र रेषेबाहेरचा पाचोळाही ओढून आगीत लोटायची सवय मोडायला हवी. तोंडाला पापुद्रा लावून उन्हाळा काढणाऱ्या गोगलगायी त्यातच असतात, आणि पळणे काही त्यांना जमत नाही.

तेव्हा यंदा पाऊस स्थिरावला की वनखात्याची परवानगी काढा आणि एक चौरस मीटर जागा नीट तपासा. तारीख, उंची, झाडोरा लिहाच, मातीही लिहा. मातीत चुना किती, यावर शंखांची गर्दी बरीचशी ठरते. ‘काही प्रजाती’ ही ओळ पुढच्या वर्षापासून आम्ही छापणार नाही.