नक्को

विजापूर वेशीत भाजी घेऊन पूर्व भागाकडे निघालात, तर तासाभरात नकार चार भाषांत ऐकू येतो. मराठीत ‘नको’, कन्नडमध्ये ‘ब्याड’, तेलुगूत ‘वद्दू’ आणि आपल्या घरच्या दखनीत ‘नक्को’. उत्तरेकडच्या उर्दूत यासाठी असा एक शब्द नाही. तिकडे ‘नहीं चाहिए’ नाहीतर ‘मत करो’ म्हणावे लागते. तिकडचा पाहुणा आला की त्याला आपल्या ‘नक्को’चे हसू येते आणि आपली मुले ओशाळतात. ओशाळण्याचे काही कारण नाही. हा शब्द आपल्या वाडवडिलांनी मराठी शेजाऱ्यांकडून घेतला, जुन्या दखनी साहित्यातही तो भेटतो. ज्या सोलापुरात 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तिथे तरी हे समजावून सांगावे लागू नये.

मला हा शब्द आवडतो तो त्याच्या मऊपणासाठी. सासूबाई तिसरी चपाती वाढायला येतात, सून ताटावर हात धरून म्हणते, ‘नक्को अम्मी’. कोणी रागावत नाही, आणि खरेच नको आहे की आग्रह हवा आहे, असा घोळही होत नाही.

पण गोष्ट चपातीवरून मुलीच्या नात्यावर गेली की हा शब्द आपल्या तोंडून निघत नाही.

पाहुणे मुलगी पाहायला येतात. चहा-नाश्ता होतो, मुलगी समोर येऊन बसते. निघताना मुलाची आई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, ‘छान आहे मुलगी. कळवतो.’ मग पंधरा दिवस जातात, महिना जातो. मुलीच्या घरी दुसरे स्थळ थांबवून ठेवलेले असते. वडील मध्यस्थाला विचारतात, तो म्हणतो, ‘इन्शाअल्लाह, होईल.’ आणि एके दिवशी मुलाची मंगनी झाल्याचे फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर दिसतात.

नकार न कळवणाऱ्यांना विचारा, ते म्हणतील, कशाला कोणाचे मन मोडायचे? मला हे पटत नाही. यात जपले जाते ते आपले अवघडलेपण. मुलीचे मन मोडायचे ते मोडतेच, फक्त ते मोडताना आपण समोर नसतो.

कुरआनमध्ये अशाच प्रसंगाला जवळची एक आयत आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये नातेवाईक, गरजू आणि प्रवासी यांचा हक्क सांगून झाल्यावर 28व्या आयतीत म्हटले आहे की, सध्या देण्यासारखे काही नसल्याने तुम्हाला त्यांच्याकडून तोंड वळवावे लागले, तर त्यांच्याशी सौम्यपणे बोला. म्हणजे रिकाम्या हाताने परत पाठवताना कसे बोलावे, हेसुद्धा शिकवले गेले. आणि निकाहच्या खुतब्यात पढल्या जाणाऱ्या आयतींपैकी एक सूरह अहजाबची 70वी आहे. तिच्यात अल्लाहचे भय बाळगा आणि सरळ, नीट बोला, असा आदेश आहे. निकाहच्या दिवशी आपण ती माना खाली घालून ऐकतो.

‘इन्शाअल्लाह’चेही तसेच. सूरह कहफमध्ये ते उद्याच्या कामाचा इरादा सांगताना म्हणायला शिकवले आहे. जे करायचेच नाही, त्यावर पांघरूण घालायला नव्हे. इस्तिखाऱ्याचे नाव पुढे करणारेही असतात. खरोखर इस्तिखारा केला असेल तर गोष्ट वेगळी. नमाज न पढताच ‘इस्तिखाऱ्यात आले नाही’ म्हणणे म्हणजे आपला नकार अल्लाहवर ढकलणे.

फोन मुलाच्या आईने किंवा वडिलांनी स्वतः करावा, मध्यस्थाकडून निरोप धाडू नये. ठरल्यापासून दोन-तीन दिवसांत करावा. रंग, उंची, शिक्षण, घर यातले काही काढू नये. तिकडून कोणी कारण विचारलेच तर लांबण लावण्याची गरज नाही. ‘आपा, तुमच्याकडे आमची फार चांगली खातिर झाली. आमचा विचार या नात्याचा नाही, म्हणून लगेच सांगितले. तुम्ही दुसरे स्थळ बघायला मोकळ्या आहात.’

पलीकडे क्षणभर शांतता असेल. मग बहुतेक वेळा आवाज येतो, ‘बरं झालं सांगितलंत.’