शक्ती अफाट, ब्रेक तोकडे!

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. नव्या मोटारींच्या मालकांना त्याचा फारसा फरक पडणार नाही. प्रश्न आहे तो १९६० ते ७० च्या दशकांतील 'मसल कार'चा. काही भागांत धुराची चाचणी कायम आहे. मात्र ती २४ वर्षांपर्यंतच्याच मोटारींसाठी आहे. म्हणजे या जुन्या मोटारींकडे आता कोणीच पाहणार नाही.

या मोटारींची गोम त्यांच्या जन्मातच आहे. मध्यम आकाराच्या कौटुंबिक मोटारीत कंपन्यांनी थोरल्या मोटारीचे इंजिन बसविले. ब्रेक मात्र तेच ठेवले. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओचे इंजिन ३२५ अश्वशक्तीचे आणि चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक! पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकची सोय १९६७ मध्ये आली, तीही जादा पैसे मोजून. तापलेला ड्रम प्रसरण पावून ब्रेक-शूपासून दूर सरतो. उतारावर दोन-तीनदा जोरात ब्रेक दाबला, की पेडल खाली जाते. मोटार थांबत नाही. त्याहून गंभीर म्हणजे, १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकी मोटारींत ब्रेक ऑइलचा मार्ग एकच असे. एका चाकापाशी गळती झाली, की चारही ब्रेक निकामी.

त्यामुळे हौशी मालक डिस्क ब्रेक बसवितात, हे योग्यच. पण नुसत्या डिस्कने भागत नाही. दुहेरी मास्टर सिलिंडर हवा, पुढच्या-मागच्या चाकांवरील दाबाचे प्रमाण राखणारा व्हॉल्व्ह हवा. ते प्रमाण चुकले, तर मागची चाके आधी जखडतात आणि मोटार गर्रकन फिरते. जोरदार ब्रेक आणि आधुनिक रेडियल टायर यांचा ताण अखेर सांगाड्यावर येतो. पहिल्या पिढीच्या शेव्हरोले कॅमेरोत पुढची चौकट बॉडीला बोल्टने जोडलेली, तर मागे कमानपाटे. पुढचा आणि मागचा भाग सांधणाऱ्या पोलादी पट्ट्या म्हणूनच वेल्ड केल्या जातात. ते वेल्डिंग कसे झाले, हे रंगाखाली दिसत नाही. जुन्या तपासणीतही ते दिसतच असे, असे नव्हे. पण ब्रेक तरी तपासले जात.

अनेक मालक हे काम टाळतात, कारण बाजारात मूळ भागांच्या मोटारीला भाव अधिक. ही सबब तकलादू आहे. काढलेले ड्रम खोक्यात जपून ठेवता येतात, बोल्टने लावलेले भाग उद्या काढताही येतात. वेल्डिंगचे मात्र तसे नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटारीला 'व्हिंटेज' नोंदणी हवी असेल, तर चासिसमध्ये बदल चालत नाही. टेक्सासमध्ये असे बंधन नाही आणि आता वर्षाकाठी होणारी चाचणीही नाही. तेथे अशी मोटार विकत घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी ती स्वतःच जॅकवर चढवून पाहिलेली बरी.