'अनवट' टोकियोचा बाजार

'पर्यटकांना ठाऊक नसलेले टोकियो' या धर्तीचे लेखन अलीकडे मराठीत उदंड झाले आहे. दहा अनवट जागा, सात अस्सल चवी, पाच गुप्त गल्ल्या. हे लेखन वरवरचे आहे एवढीच आमची तक्रार नाही. ते ज्या कल्पनेवर उभे आहे ती कल्पनाच खोटी आहे, असे आमचे म्हणणे आहे. गर्दी आहे तिथे खरे शहर नाही आणि गर्दी नाही तिथे ते 'अस्सल' रूपात आपली वाट पाहत बसले आहे, अशी ती कल्पना.

आसाकुसाचे सेन्सोजी मंदिर हे लेखक 'पर्यटकी' म्हणून वगळतात. परंतु दर्शन, खरेदी आणि करमणूक यांची तिथली सरमिसळ एदो काळापासूनची आहे. गर्दी हाच त्या स्थळाचा इतिहास. वारी वगळून 'अस्सल' पंढरपूर शोधणाऱ्यास आपण काय म्हणू?

कल्पनेचा दुसरा भाग अधिक घातक. शिंजुकूतील गोल्डन गाई म्हणजे अरुंद बोळांत दाटीने उभी असलेली दोनशेच्या वर मद्यगृहे. बहुतेकांत आठ-दहा माणसे कशीबशी मावतात. लेखक, पत्रकार, नाटक-सिनेमावाले यांचे हे जुने अड्डे. आठ खुर्च्यांच्या जागेत यादी आठशे माणसे धाडते, तेव्हा उठावे लागते ते नेहमीच्या गिऱ्हाइकास. २०२४ साली साडेतीन कोटींहून अधिक परदेशी प्रवासी जपानला गेले. अशा काळात 'अनवट' हा शब्द छापला जाताच खोटा ठरतो.

मग पाहावे काय? आमच्या मते प्रश्न जागेचा नसून वाचनाचा आहे. जिंबोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेत बरीचशी दुकाने रस्त्याच्या दक्षिणेस, उत्तरेकडे तोंड करून आहेत. उन्हाने पुस्तके खराब होऊ नयेत म्हणून. १९१३ साली इथेच इवानामी शिगेओ यांनी जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले, आणि पुढल्याच वर्षी नात्सुमे सोसेकी यांची 'कोकोरो' प्रकाशित करून त्याची प्रकाशनसंस्था केली. यादीत या पेठेची नोंद 'फोटोसाठी उत्तम' एवढीच असते. साहित्याच्या विद्यार्थ्यास ती पुरावी काय?

सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहे, यांचेही तेच. भिंतीवरचा फुजी पर्वत सर्वांना दिसतो. पण हे स्नान दैनंदिन गरज मानले गेल्यामुळे त्याचे दर आजही शासन ठरवते, आणि १९६८च्या सुमारास टोकियोत अडीच हजारांवर असलेली स्नानगृहे आज पाचशेही उरलेली नाहीत, हे कोण सांगणार? घरोघरी न्हाणीघर आले आणि शेजार सुटला, ही त्या टाकीतली खरी गोष्ट.

खाण्याचे पाहू. १९१५ साली ब्रिटिशांच्या हातून निसटून जपानला आलेल्या रासबिहारी बोस यांना शिंजुकूतील नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने आश्रय दिला. पुढे त्यांच्या कन्येशी बोस यांचा विवाह झाला. १९२७ साली नाकामुरायाने 'भारतीय करी' वाढण्यास आरंभ केला. ती आजही मिळते. ऐन गर्दीच्या शिंजुकूत, कोणत्याही गुप्त गल्लीत नव्हे. उलट, आडगल्लीतील नूडल्सचे 'शाकाहारी' म्हणून कौतुक करणाऱ्यांना तिच्या रश्शात बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, याचा पत्ताही नसतो. चवीआधी घटक वाचावेत, हा साधा नियम.

कोणी म्हणेल, पाच दिवसांच्या प्रवाशाला यादीच हवी. हरकत नाही, वेळापत्रक घ्यावे, पण त्याला प्रवासवर्णन म्हणू नये. 'पूर्वरंग' लिहिणाऱ्या पु. लं.च्या भाषेत या प्रकाराची यत्ता इतकी खाली यावी, याची चिंता शिकवणाऱ्यांनी करायची नाही तर कोणी? आमचे विद्यार्थी हेच नमुने गिरवू लागले आहेत. निशी-कासाईत आज भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तिथे मराठीही बोलली जाते. तिथल्या माणसांना टोकियो 'अनवट' नाही; ते त्यांचे रोजचे गाव आहे. त्यांनी लिहावे, आणि आपण यादी मिटून ते वाचावे.